सुट्टी दिली; मुले घरी कशी जाणार?

अंधेरीचा सबवे पाण्याखाली गेला, ही उपनगरवासीयांच्या लेखी आता बातमी राहिलेली नाही. सकाळी शाळा भरते, तासा-दोन तासांत रस्ते तुंबतात, मग सुट्टी जाहीर होते आणि कोरड्या पायांनी गेलेली मुले गुडघाभर पाण्यातून घरी परततात. सुट्टी देणाऱ्याचे कर्तव्य तेथे संपले असे समजले जाते. मूल घरी पोचले कसे, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा!

मुलांचे प्रश्न मात्र साधे आणि नेमके असतात. पायाला जखम नव्हती, तरी डॉक्टरकडे जायचे का? आज ताप नाही, मग भीती कसली? यावर ‘पाण्यात जाऊ नका’ असे सांगणे म्हणजे उत्तर टाळणेच होय. घरचा रस्ताच पाण्यात असेल तर मुलाने जावे कोठून?

उत्तर आहे, आणि ते अवघडही नाही. तुंबलेल्या पाण्यात उंदीर, कुत्री आणि गुरे यांचे मूत्र मिसळलेले असते व त्यातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू येतात. जर्मन वैद्य वाईल यांनी या रोगाचे वर्णन १८८६ साली केले. रोग नवा नव्हे, मुंबईला अनोळखी तर मुळीच नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाणी ओसरल्यावर त्याच्यामागून लेप्टोची साथ आली. २०१५ च्या पावसाळ्यात दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड या पट्ट्याने तिचा पुन्हा अनुभव घेतला.

या जंतूला शरीरात शिरायला मोठी जखम लागत नाही. चपलेने सोललेली टाच, नखाजवळची चीर, भिजून मऊ पडलेली कातडी, इतकेच काय, डोळ्यांत उडालेले चार थेंबही पुरतात. ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्यानेही येतो, आणि तोपर्यंत मुलगा ते पाणी विसरून गेलेला असतो! घरात ‘हवा बदलली’ म्हणून तापाची गोळी दिली जाते. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि कावीळ दिसेपर्यंत मूत्रपिंडावर आघात होऊन चुकलेला असतो. म्हणून तापाच्या पहिल्या दिवशीच ‘मी अमुक दिवशी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो’ हे वाक्य मुलाने डॉक्टरांना न विचारता सांगितले पाहिजे. अर्धे निदान त्या एका वाक्यात आहे.

ताप येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. पाण्यातून चालल्यावर बहात्तर तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगत असते. डॉक्सिसायक्लिन हे ते औषध. परंतु आठ वर्षांखालील बालकांना आणि गर्भवतींना ते चालत नाही, त्यांचे औषध वेगळे. तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे न जाता पालिकेचा दवाखाना गाठावा हे बरे.

पाण्यात केवळ जंतूच असतात असेही नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी डॉ. दीपक अमरापूरकर यांच्यासारखा नामवंत वैद्य उघड्या मॅनहोलमध्ये पडून आपण गमावला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरीत सीप्झजवळ एक महिला अशीच वाहून गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये भांडुपला पाण्यात उतरलेल्या विजेच्या प्रवाहाने सतरा वर्षांच्या मुलाचा बळी घेतला. त्याच्या कानांना हेडफोन होते आणि लोक ओरडून सावध करीत होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. झाकणे बसविणे आणि तारा सांभाळणे हे मुलांचे काम नव्हे. ते ज्यांचे आहे त्यांना जाब विचारण्यात आम्ही कसूर करणार नाही. पण मुलाला उद्या सकाळी घराबाहेर पडायचे आहे. पाण्यात कान मोकळे ठेवावेत, काठीने किंवा छत्रीच्या टोकाने पुढची जमीन चाचपावी, भोवरा दिसेल तेथून मागे फिरावे, दिव्याच्या खांबाला व लोखंडी कुंपणाला हात लावू नये. कोणी विजेला चिकटल्यास त्याला धरायला धावू नये. आधी प्रवाह बंद करवावा. हे शिकवायला कितीसा वेळ लागतो?

जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात यासाठी एक तास राखून ठेवावा आणि जवळच्या पालिका दवाखान्याचा पत्ता प्रत्येक मुलाच्या वहीत लिहून द्यावा, अशी आमची सूचना आहे. खर्च शून्य. दुसरी सूचना मुख्याध्यापकांना. भर पावसात सुट्टीची घंटा देण्यापूर्वी त्यांनी शिपायाला फाटकाबाहेर पाठवून पाणी किती आहे ते पाहावे. ते गुडघ्याला लागत असेल तर मुलांना वरच्या मजल्यावर बसवून ठेवावे, पालकांना तसे कळवावे आणि पाणी उतरल्यावरच सोडावे, मग संध्याकाळ झाली तरी हरकत नाही.