आमचा राजपुत्र

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने साहित्य, संस्कृती, नाहीतर निदान फराळ यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे, अशी संपादकांची अपेक्षा असते. यंदा मी व्हिडिओ गेमवर लिहिणार आहे. वाचकहो, पान उलटू नका! 'चाळिशी उलटून गेली, आता हे काय सुचले?' असे आमच्या सौ.नेही विचारून झाले आहे. पण या पोरखेळाच्या पायी आम्हा दोघा सख्ख्या भावांत एकदा चांगलीच जुंपली होती, तेव्हा त्याला अगदीच पोरखेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

1994 सालची गोष्ट. आमच्या वाड्याच्या गल्लीत एका गृहस्थांनी संगणकाचा क्लास काढला होता. शिकवणी संपली की तासावर पैसे घेऊन ते मुलांना खेळू देत. मी आणि माझा धाकटा भाऊ विनू खाऊचे पैसे साठवून तिथे जायचो, ते 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायला. दुष्ट वजिराने राजकन्येला डांबून ठेवलेले, आणि तळघरातल्या राजपुत्राने बरोबर 60 मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचायचे. क्लासचा तासही 60 मिनिटांचाच! त्यातली पाच मिनिटे यंत्र सुरू होण्यात जात. त्यामुळे ती राजकन्या आमच्या हाताला कधी लागलीच नाही. खेळ मध्येच साठवून ठेवण्याची सोय होती म्हणे. पण ते आम्हाला कळेपर्यंत माझी दहावी आली.

खेळायचा विनू. मी मोठा, म्हणून घड्याळ माझ्या हातात. तो राजपुत्र पळायचा कसा, उडी चुकली तर कड्याला लोंबकळायचा कसा, हे पाहावे आणि पाहतच राहावे. पुढे कळले, की जॉर्डन मेकनर नावाच्या त्याच्या निर्मात्याने 1985 साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चित्र गिरवून राजपुत्राला चालते केले. खेळ 1989 साली बाजारात आला. म्हणजे तिकडेही मोठा भाऊ बघतोय आणि धाकटा उड्या मारतोय!

यापुढची कथा राजपुत्राच्या रूपांतरांची आहे. 1993 साली दुसरा भाग आला, 1999 साली तिसरा. हा तिसरा भाग त्रिमितीतला. तो फारसा कोणाला रुचला नाही. मग 2003 साली 'सँड्स ऑफ टाइम' आला. मेकनर स्वतः त्याच्या लेखनात होता. राजपुत्राच्या हाती एक खंजीर. तो चालवला की काळ मागे फिरतो आणि चुकलेली उडी न चुकल्यासारखी होते. नायिका फराह ही हिंदुस्थानातल्या एका महाराजाची कन्या. विनूला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. पहिल्या पगाराचा संगणक घेऊन स्वारी रात्ररात्र बसायची आणि मला फोन करून सांगायची, "दादा, आपला राजपुत्र परत आला!"

आणि पुढच्याच वर्षी, 2004 साली, हाच मनुष्य फोनवर अक्षरशः ओरडत होता. 'वॉरियर विदिन' नावाचा पुढचा भाग आला होता. विनोद करणारा, थोडासा शिष्ट असा आपला राजपुत्र त्यात दाढी वाढवून, दात-ओठ खाऊन माणसे कापत सुटला होता, आणि मागे सतारीऐवजी कर्कश गिटारचा दणदणाट. "हा आपला नव्हेच, दादा! कोणीतरी तोतया आणून बसवलाय!" राजपुत्राचा हा नवा अवतार खुद्द मेकनरलाही आवडला नव्हता, ती हिंसा आपल्याला मानवली नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले. तेव्हा चाहत्यांची प्रत्येक तक्रार म्हणजे नुसती कुरकुर, असे मी मुळीच म्हणणार नाही. कंपनीनेही 2005 सालच्या पुढच्या भागात राजपुत्राचा पारा थोडा उतरवलाच.

पण गंमत पाहा. माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. त्याने पहिल्यांदा खेळलेला भाग नेमका तो दाढीवाला. त्याच्या मते खरा राजपुत्र तोच, आणि आमचा तो 1989 चा म्हणजे पांढरा पायजमा घातलेले एक ठिपक्यांचे बाहुले! तेराव्या-चौदाव्या वर्षी जो भेटतो तोच प्रत्येकाचा खरा राजपुत्र, असे मला त्या दिवशी वाटून गेले. आमचे आजोबा कोणत्याही संगीत नाटकाला गेले, की पहिल्याच पदाला शेजारच्याच्या कानात सांगत, "नारायणराव ही जागा अशी घेत नसत." पुढे पुढे आम्ही त्यांना कडेची खुर्ची देऊ लागलो.

2008 साली पुन्हा नवा खेळ, नवा राजपुत्र. यात तो पडला की एलिका नावाची त्याची सोबतीण हात देऊन वर काढी. मरणाची भीतीच नाही. झाले! 'मरता येत नाही तो कसला खेळ' म्हणून ओरड सुरू. आता, 2003 साली खंजिराने काळ मागे फिरवून दर पाच मिनिटांनी मरण चुकवणारे हेच लोक. मी विनूला तसे म्हणालोही. तो म्हणाला, "ते वेगळे होते." यावर काय बोलणार?

खरा प्रसंग उद्भवला तो 2020 साली. सप्टेंबरात बातमी आली, की 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवला जाणार आणि ते काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई इथल्या शाखा करणार. मला तर अभिमानाने भरून आले. ज्या पुण्यात आम्ही घड्याळ लावून त्या राजपुत्राला पळवला, तिथेच त्याचा पुनर्जन्म! पण जाहिरातीची फीत पाहताच जगभरच्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला. चेहरे मेणाचे दिसतात, रंग जुनाट वाटतो, असे बरेच काही. आणि बंगळूरहून विनू मला म्हणतो, "दादा, पुण्याला कशाला दिला?"

मी चमकलोच. "अरे, तू स्वतः कुठला?"

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

चेहऱ्यांबद्दल तो खोटे बोलत नव्हता. मीही फीत पाहिली होती. पण टाळेबंदीच्या दिवसांत घरी बसून काम करणारी ती मुले, आमच्याच गल्लीबोळांतून वर आलेली कोणी त्यात असतील, आणि एका फितीवरून त्यांचा असा निकाल लागावा, याने माझा जीव कळवळला. खेळ जानेवारी 2021 मध्ये यायचा होता. तो पुढे ढकलला, पुन्हा ढकलला, आणि 2022 साली काम पुण्या-मुंबईहून मॉन्ट्रियलला गेले.

त्याच सुमारास आमच्या वाड्याचा प्रश्न निघाला. वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत उभी करायची, सगळ्या भाडेकऱ्यांच्या सह्या झालेल्या. राहिली होती माझी. विनूची सही केव्हाच आली होती. मी फोनवर त्याला चौकाबद्दल, विहिरीबद्दल, आजीच्या देवघराबद्दल बरेच ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "दादा, भिंतीला टेकू लावलाय. जुने म्हणून किती दिवस कवटाळून बसणार?" तेव्हा माझा तोल गेला. "एका खोट्या राजपुत्राचे नाक बदलले म्हणून तू आठ दिवस जेवला नाहीस, आणि घर पाडायला निघालास!" असे काहीसे मी बोललो. काहीसे नव्हे, अगदी असेच. त्याने फोन ठेवला. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष आमचे बोलणे सणावारी सौ.मार्फत.

जानेवारी 2024 मध्ये 'द लॉस्ट क्राउन' आला. याचा नायक राजपुत्र नव्हेच. सारगोन नावाचा योद्धा, आणि तो राजपुत्राला सोडवायला निघालेला. आदल्या जूनमध्ये पहिली फीत निघाली तेव्हा तिच्या मागचे रॅप गाणे ऐकून जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली होती. खेळ हाती आल्यावर मात्र बहुतेकांनी वाखाणला. आमच्या चिरंजीवांनी तो आणला. मी मागून डोकावलो, तो काय! पडद्यावर माणूस पुन्हा बाजूने दिसतोय, डावीकडून उजवीकडे धावतोय, खाली भाले. तीस वर्षांपूर्वीचा तोच काटछेद! मी उठलो आणि विनूला फोन लावला.

"पाहिलास का रे नवा?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच, "पहिल्याच दिवशी घेतला. घरात कोणाला सांगितले नाही."

त्या दिवाळीला तो सहकुटुंब आमच्याकडे आला. वाडा तेव्हा पाडून झाला होता. सही मी केली होती, टेकूची लाकडे मीही पाहिलीच होती. आम्ही तात्पुरत्या भाड्याच्या जागेत होतो. विनू सकाळी एकटाच जाऊन ते खोदलेले मैदान पाहून आला आणि चहा घेताना काही बोलला नाही. मग म्हणाला, "देवघराची फरशी काढून ठेवलीस ना?" ठेवली होती. कॉटखाली, गोणपाटात.

दुपारी चिरंजीव खेळायला बसले. विनू त्याच्या शेजारी, मी मागे. पुढ्यात भाले आले, तसा विनू एकदम ओरडला, "अरे, पळू नकोस! सावकाश चाल, पाऊल पाऊल टाक, म्हणजे लागत नाहीत!" पहिल्या खेळात खरोखरच तसे होते. भाल्यांतून दमाने चालत गेले, की राजपुत्राला ओरखडाही उठत नसे. ही युक्ती विनूने स्वतः शोधून काढली होती, आणि त्यापायी आमचे निदान दोन तासांचे पैसे गेले होते.

"काका," चिरंजीव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "यात तसे चालत नाही."

विनूने माझ्याकडे पाहिले. मी मनगटावरचे घड्याळ काढून त्याच्या पुढ्यात ठेवले आणि पोराला म्हणालो, "आण, ते बटणांचे यंत्र काकाला दे."