वस्तीचं काम, बाईची उठाठेव?

"बायकांचे प्रश्न संपले वाटतं, आता मांजरांचे हाती घेतलेत?" हे वाक्य गेल्या वर्षभरात मी पोलीस चौकीत ऐकलं, एका पुढाऱ्याच्या कचेरीत ऐकलं आणि आपल्याच बैठकीतही ऐकलं. पहिल्या दोन ठिकाणांचं मला फारसं वाटलं नाही. तिसऱ्या ठिकाणी मैत्रिणी हसल्या, त्याचं वाटलं. म्हणून हे लिहिते आहे.

भिवंडीत रस्त्यावरच्या मांजरांना कोण खाऊ घालतं ते आधी पाहू. कांडी मशीनवर दिवसभर उभी राहून आलेली बाई घालते. घरी बसून धागा कापणारी म्हातारी घालते. मानकोली-राहनाळच्या गोदामांत माल निवडायला जाणारी पोरगी डब्यातला उरलेला भात घालते. मासळीवाल्या आपल्या पाटीखाली बोंबलाची डोकी बाजूला काढून ठेवतात. निजामपुऱ्यात, पद्मानगरात, कामतघरला, कुठल्याही गल्लीत दिवेलागणीला उभ्या राहा. अॅल्युमिनियमचा टोप घेऊन निघालेली एक तरी बाई दिसेल आणि तिच्या मागे आठ-दहा शेपट्या. मुसलमान मोहल्ल्यात मांजर पाक मानतात, तिला उपाशी ठेवणं गुनाह समजतात. आपल्याकडे बाळाचं नशीब लिहिणारी सटवाई म्हणजेच षष्ठी, आणि षष्ठीचं वाहन मांजर. तरीही मांजर आडवी गेली की थुंकणारे दोन्हीकडे आहेतच.

आता त्या बाईला काय ऐकावं लागतं? मूल होत नाही म्हणून मांजरांवर माया करते. नवऱ्याला जेवायला घालत नाही, मांजरांना घालते. रात्रीची बाहेर पडते, मांजरांचं निमित्त आहे. करणी करते. कांडीवर काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा टोप लाथेनं उडवला गेला, वर शेजाऱ्यांनी तिच्या घरमालकाला खोली खाली करून घ्यायला सांगितलं. पुरुषानं चहाच्या टपरीवर कुत्र्याला बिस्कीट टाकलं तर तो दिलदार. बाईनं तेच केलं की तिच्या कुशीची, तिच्या चारित्र्याची, तिच्या डोक्याची झडती सुरू. मांजर हे निमित्त आहे. संध्याकाळनंतर एकटी बाई स्वतःच्या मर्जीनं, घरातल्या कुणासाठी नसलेल्या कामाकरता गल्लीत उभी राहते, हे त्यांना खुपतं. हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

"करणी करते" हे शब्द तर सरळ गुन्ह्याच्या वाटेवरचे आहेत. कुणी करणी करतं, जादूटोणा करतं असं भासवून त्या व्यक्तीचं जगणं मुश्कील करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत बसतं. त्या कायद्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो होतो. तो वापरायची वेळ आली की हसायचं का?

कौतुक करणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. "बाईची जात मायाळूच" म्हणणारे तिच्या कामाचं मोल बुडवतात. 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88. त्या 289 मिनिटांच्या शेवटाला ही बाई आणखी अर्धा तास काढते. तिला माउली म्हणून हार घातला की महापालिका मोकळी. कारण ती जे करते ते महापालिकेच्या आरोग्य खात्याचं काम आहे. 2011 च्या जनगणनेत 7 लाखांवर लोकसंख्या असलेलं, लूमच्या खडखडाटात जागणारं हे शहर. सुताची गोदामं, तुंबलेली गटारं, उघडा कचरा. उंदीर इथे नांदणारच, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो. वस्तीत टिकून असलेली मांजरं उंदरांना थोडाफार वचक ठेवतात. त्यांना गोणीत भरून खाडीपलीकडे सोडून येणाऱ्या शहाण्यांना कळत नाही, की कचरा आहे तिथे महिन्या-दोन महिन्यांत दुसरी मांजरं येतात.

पण नुसतं खाऊ घालणं पुरेसं नाही, हे आपल्या बायकांनाही तोंडावर सांगायला हवं. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा विते, एका वेतात तीन-चार पिल्लं. त्यातली निम्मीअधिक डोळ्यांच्या चिकटीनं, जुलाबानं, रिक्षाखाली मरतात. खाऊ घालायचं आणि नसबंदी करायची नाही, तर मरणाऱ्या पिल्लांची संख्या तेवढी वाढते. नसबंदी झाली की मादीची दर वेताची ओढाताण थांबते, बोक्यांची रात्रीची मारामारी कमी होते, शेजाऱ्यांची निम्मी तक्रारही मिटते. खाणं ठरल्या वेळी, ठरल्या जागी ठेवावं, अर्ध्या तासात भांडं उचलावं, जागा धुवावी. दूध देऊ नये, मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पाणी मात्र हवंच. कुणी चावलं-बोचकारलं तर जखम साबणानं धुवून लगेच सरकारी दवाखान्यात जावं, इंजेक्शन टाळू नये.

ही नसबंदी बाईनं स्वतःच्या मजुरीतून करायची काय? मुंबई महापालिकेनं भटक्या मांजरांची नसबंदी 2019 मध्ये सुरू केली. ठाणे जिल्ह्यातल्या कापडनगरीला ते का जमू नये?

कायदाही पाहा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एका वडापावाच्या भावात मांजर मारून घ्या! न्याय संहितेचं कलम 325 मात्र जनावराला ठार करणं, विष घालणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं, तेव्हा तक्रार लिहिताना तेच कलम घालायचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतल्या विसाव्या नियमानुसार वस्तीतल्या जनावरांना खाऊ घालण्याची व्यवस्था लावणं ही सोसायटीची किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीची जबाबदारी आहे. जागा आणि वेळ ठरवून द्यायची आहे, वाद झाला तर समिती नेमायची आहे. त्या समितीत पशुवैद्यक आहेत, पोलीस आहेत, तक्रारदार आहे. खाऊ घालणाऱ्या बाईचं नाव यादीत वेगळं कुठे नाही! शहरातल्या बड्या सोसायट्यांत अशी भांडणं हायकोर्टात जातात, तिथल्या बायकांकडे वकील असतो. चाळीतल्या बाईकडे टोप असतो आणि शिव्या खायला जीव.

समिती ही भिवंडीला नवी गोष्ट नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेल्या या गावात सुरेश खोपडे पोलीस अधिकारी असताना मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. जे गाव एवढा मोठा प्रश्न एका सतरंजीवर बसून हाताळू शकलं, त्याला मांजरांच्या खाण्याची जागा ठरवता येत नाही, हे मी मानत नाही. फक्त त्या सतरंजीवर टोपवालीही बसली पाहिजे.

आणि आपल्या बैठकीत हसणाऱ्या मैत्रिणींनो, 1972 मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई लाटणी घेऊन निघाल्या तेव्हाही तेल-साखर हा काय बायकांच्या मुक्तीचा प्रश्न आहे का, असं विचारणारे होतेच. ज्या कामाला बाई रोज जुंपलेली आहे त्या कामातून आपण प्रश्न उचलतो.

महापालिकेला द्यायचा अर्ज आम्ही लिहिला आहे. मागण्या चार: मांजरांसाठी नसबंदी आणि लसीकरण, प्रत्येक प्रभागात खाऊ घालण्याची ठरलेली जागा, वाद समितीत खाऊ घालणाऱ्या बाईला खुर्ची, आणि तिला शिवीगाळ झाली तर चौकीत तक्रार लिहून घ्यावी. सह्या गोळा करताना फक्त बायकांकडे जाऊ नका. आधी सुताच्या गोदामवाल्यांकडे जा. त्यांच्या गाठी उंदरांपासून फुकट राखणाऱ्या मांजरांना रोज कोण जेवू घालतं, हे त्यांना विचारा, आणि मग पेन पुढे करा.