सांगवी कोणती?

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकावरील तक्त्यांच्या भानगडीत पडू नये, ते काम जाणकारांवर सोपवून आपण निष्कर्ष तेवढे वाचावेत, असे मत आमच्या वर्तुळात अजूनही प्रतिष्ठेने मांडले जाते. आम्हांस ते मान्य नाही. तक्त्यांमधील संबंध चुकतो तेव्हा बहुतेक वेळा वाचन चुकलेले असते. आणि वाचन हे तर आमचेच काम.

एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात असे मांडले, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते परस्परांशी समान मूल्यांनी जोडावेत. आजची पॉवर बीआयसारखी साधने याच विचारावर उभी आहेत. समजा, यावलच्या एखाद्या अभ्यासमंडळाने खानदेशच्या साहित्याची सूची करायला घेतली. तक्ते तीन: गावे, व्यक्ती आणि पुस्तके. एका गावात अनेक व्यक्ती, एका व्यक्तीची अनेक पुस्तके. जिल्हा निवडला की गावांवरून व्यक्तींकडे आणि व्यक्तींवरून पुस्तकांकडे निवड आपोआप वाहत जावी, इतकी साधी ही मांडणी.

भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ साली यावल तालुक्यातील सांगवीचा. पण सांगवी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. एक तर पुण्याला लागूनच आहे. तक्ते गावाच्या नावावर जोडले की संगणक सांगतो, दोन्ही बाजूंना नावे पुन्हापुन्हा आली आहेत, तेव्हा संबंध 'अनेकास अनेक' ठेवावा लागेल. आपण घाईत होकार देतो. मग १९६३ ची 'कोसला' जळगावच्या खात्यात दिसते आणि पुण्याच्याही. गंमत अशी, की तळाची एकूण बेरीज बरोबरच असते, कारण तिथे पुस्तक एकदाच मोजले जाते. जिल्ह्यांचे आकडे मात्र एकत्र केले तर एकूणापेक्षा जास्त भरतात. कुठेही लाल खूण उमटत नाही. चूक मुकाट्याने आलेखात जाऊन बसते आणि सुबक दिसते.

उलट प्रकार फैजपूरचा. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाने गाजलेले हे यावल तालुक्यातले गाव. नोंदी भरणाऱ्यांपैकी कुणी फैजपुर लिहितो, कुणी फैझपूर. प्रमाण लेखनाच्या नियमांनी ग्रामनामातला 'पूर' दीर्घ ठरवला असला, तरी नोंदवह्या तो पाळतीलच असे नाही. आपल्या डोळ्यांना गाव एकच दिसते, संगणकाला तीन.

म्हणून आकडा संशयास्पद वाटला की सूत्रे उसवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. 'एक' बाजूच्या तक्त्यात ज्या रकान्यावर जोड दिली, त्यात एकही मूल्य दोनदा आलेले नाही ना? 'अनेक' बाजूचे प्रत्येक मूल्य तिकडे सापडते ना? आणि निवड योग्य दिशेने वाहते आहे ना? प्रत्येक गावापुढे तोच एक आकडा दिसू लागला, तर संबंध जोडलेलाच नाही किंवा दिशा उलटी आहे असे समजावे. नावाचा भरवसा सोडून संकेतांकावर जोड द्यावी हे उत्तम. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक आहे. नेमाड्यांच्या जन्माच्या वेळी सांगवी पूर्व खानदेश जिल्ह्यात होती, आज जळगाव जिल्ह्यात आहे. नावे अशी बदलत राहतात.

इथवरची दुरुस्ती कोणीही कुशल माणूस करील. यापुढचे प्रश्न मात्र आमचे आहेत. बहिणाबाई चौधरींनी गाणी रचली आणि गायिली; ती सोपानदेव आणि त्यांच्या मावसबंधूंनी उतरून घेतली; पुस्तक १९५२ साली, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, निघाले. पुस्तकांच्या तक्त्यात 'रचनाकार' आणि 'लेखनिक' असे दोन रकाने करून दोन्ही व्यक्तींच्या तक्त्याला जोडले, तर साधन एकच संबंध जागा ठेवते. दुसरा तुटक रेषेने दाखवते आणि मोजणीत धरत नाही. सोपानदेवांच्या नावापुढे या पुस्तकाची नोंद शून्य येते. शिवाय एका रकान्यात दोन लेखनिक बसवायचे कसे? उपाय आहे: एक जोडतक्ता करावा, त्याच्या प्रत्येक ओळीत व्यक्ती, पुस्तक आणि भूमिका नोंदवावी, आणि मोजताना एक पुस्तक एकदाच धरावे. परंतु 'भूमिका' हा रकाना हवा, हे सुचण्यासाठी त्या गाण्यांचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

सर्वांत कठीण बाब रिकाम्या ओळीची. लेवा गणबोलीतील जात्यावरच्या ओव्यांचे संकलन सूचीत घेतले, तर रचनाकार कोण लिहावा? रकाना कोरा राहतो, आणि अहवालात व्यक्तींच्या यादीत एक निनावी ओळ उगवते. ती ओळ डोळ्यांना खुपते. कुणीतरी निवडीतून ती काढून टाकतो. कुणी संबंध 'अनेकास अनेक' करतो, आणि मग ती उगवतच नाही. अहवाल स्वच्छ होतो, आणि दळता दळता रचणाऱ्या बायका त्यातून पुसल्या जातात. आमच्या मते त्या ओळीला दुरुस्ती हवी आहे ती नावाची: व्यक्तींच्या तक्त्यात 'सामूहिक मौखिक रचना' अशी रीतसर नोंद करावी आणि त्या पुस्तकांना तिच्याशी जोडावे.

उद्या अशाच आलेखांवरून ग्रंथालयाची खरेदी ठरेल, अभ्यासक्रमातील पाठ ठरतील, कोणत्या तालुक्याने साहित्याला काय दिले हेही ठरेल. त्या वेळी साहित्याच्या शिक्षकाने टाळ्या वाजवण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: या तक्त्यातली एक ओळ नेमकी कशाची आहे? विचारायला कठीण काहीच नाही. सांगवीचा माणूसही परगावी भेटलेल्या सांगवीकराला आधी हेच विचारतो, की कोणती सांगवी?