बरा झाला, कामावर कोण घेणार?

खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात माणसाची ओळख त्याच्या हातातल्या कामावरून होते. बोटीचा नाखवा, त्याच्यासोबतचे खलाशी, जाळी सांधणारे, बर्फ वाहणारे, पाटी घेऊन बाजारात बसणारी कोळीण यांची प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ज्याला यांपैकी कोणतेच काम करू दिले जात नाही, तो घरात राहूनही घरातून उठल्यासारखा होतो. मनोविकाराचे उपचार घेऊन परतलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा हेच येते. आजाराने जेवढे नुकसान केलेले नसते, तेवढे ही सक्तीची विश्रांती करते.

पूर्वी ज्याला उन्माद-अवसादाचा विकार म्हणत, तोच आज ‘बायपोलर’ या नावाने ओळखला जातो. उन्मादाच्या काळात झोपेची गरजच वाटेनाशी होते, मनात बेतांमागून बेत उसळतात, पैसा पाण्यासारखा जातो. पुढे अवसाद आला की अंथरुणातून उठणेही जड होते. परंतु या दोन टोकांच्या मध्ये महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, पुष्कळसे रुग्ण चारचौघांसारखेच कर्ते असतात, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. उन्मादाच्या भरात कोणी कर्ज काढून बोटीला नवे इंजिन घेतले, तर घरची माणसे त्याच्या हातून व्यवहार काढून घेतात. त्या घटकेला ते योग्यच असते. चूक होते ती पुढे, तो व्यवहार कधीच परत न देण्यात.

या आजारावर उपाय नाही असे नाही. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1949 मध्ये लिथियमचा गुण जगापुढे मांडला. लिथियम हा एक साधा क्षार असून औषध म्हणून तो महागही नाही. मात्र मूत्रपिंडे त्याला मिठासारखेच वागवतात. म्हणून उन्हात घाम फार गेला, जुलाब झाले, कोणी एकाएकी मीठ बंद केले किंवा अंगदुखीच्या काही गोळ्या घेतल्या, तर त्याचे रक्तातील प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. सुकी मासळी खाणाऱ्या आणि उन्हात राबणाऱ्या वस्तीत हे डॉक्टरांनी समजावून सांगायला हवे, आणि रक्ताची तपासणी ठरल्या वेळी व्हायला हवी. महापालिकेच्या के.ई.एम., नायर, शीव येथील रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. 14416 या क्रमांकावर 2022 पासून दूरध्वनीवरूनही सल्ला मिळतो. तरीही बारा राज्यांत 2015-16 मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या विकाराचे दर दहांतील सुमारे सात रुग्ण उपचारांबाहेर आढळले.

के जेमिसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः याच आजाराच्या रुग्ण. आरंभी त्यांनी लिथियम टाळले, आणि ते जिवावर बेतले. पुढे याच विकारावरील प्रमाणग्रंथाच्या त्या सहलेखिका झाल्या आणि 1995 मध्ये त्यांनी आपली कहाणी प्रसिद्ध केली. अशा उदाहरणांवरून ‘वेड आणि प्रतिभा जुळ्या बहिणी’ असला निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे हौस आहे. ती सोडावी. जेमिसन यांना काम करता आले ते उपचार टिकले म्हणून, आणि विद्यापीठातील त्यांची जागा टिकली म्हणून.

जागा टिकवण्याचा हा प्रश्न आपल्या कायद्याने अर्धाच सोडवला आहे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश झाला. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही. मंत्रालयातील कारकुनाला हे कवच आहे. दांड्याच्या खलाशाला कोणते? त्याची नेमणूक नाखव्याच्या शब्दावर, मजुरी मासळीच्या वाट्यावर. त्याचे कवच म्हणजे त्याचे शेजारीपाजारी.

त्यातही एक अडचण खास समुद्राचीच आहे. झोप मोडणे हे उन्मादाचे निमंत्रण ठरू शकते, आणि भरती तर रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. तिच्यामागे धावणाऱ्याची झोप ठिकाणावर राहायची कशी? म्हणून अशा माणसाला पुन्हा खलाशीच करा, असा आग्रह नाही. पण किनाऱ्यावर कामांची वाण नाही. जाळ्यांची दुरुस्ती, बर्फाचा आणि डिझेलचा हिशेब, सहकारी संस्थेची कागदपत्रे ही कामे ठरल्या वेळी करता येतात, आणि ती केल्यावाचून बोट निघत नाही. दयेपोटी दिलेले खोटे काम माणूस लगेच ओळखतो; हे तसे नव्हे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, पुढे निर्णयक्षमता हरपली तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. घरानेही तोच मार्ग धरावा. झोप उडाली की कोणी हटकायचे, दवाखान्यात कोणी न्यायचे, किती रकमेपुढील व्यवहाराला दुसऱ्याची सही लागेल, हे तो बरा असताना त्याच्याशी बोलून, त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावे. रक्कम प्रारंभी लहान असावी, वर्षभराने वाढवावी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवावी.