अशक्तपणाची तक्रार आणि न विचारलेला प्रश्न

सायंकाळची गर्दी ओसरू लागली, की दवाखान्याच्या दाराशी अठरा-वीस वर्षांचा एक तरुण येऊन उभा राहतो. इतर रुग्णांना तो पुढे जाऊ देतो. शेवटी एकांत मिळाला, की खाली मान घालून सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, अंगात ताकदच राहिली नाही.’ अधिक विचारले तर स्वप्नदोष, धातू जाणे, केस गळणे, पोट साफ न होणे, अभ्यासात लक्ष न लागणे अशी यादी निघते. औषधी विक्रेत्या बंधूंकडे हाच तरुण चिठ्ठीवाचून येतो आणि हलक्या आवाजात ‘ताकदीचे काहीतरी’ मागतो. धरणगाव, अमळनेर, शिरपूर, कोठेही जा, हे चित्र सारखेच आहे. या तरुणाला आपण काय देतो आणि त्याला काय विचारत नाही, याविषयी चार शब्द व्यवसायबंधूंपुढे मांडावेत असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम स्वतःची चूक सांगणे उचित. काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. ओळख कळू नये म्हणून अधिक तपशील देत नाही. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, अग्निमांद्य आढळले. चंद्रप्रभा वटी, अश्वगंधा चूर्ण आणि सोबत एक अवलेह अशी योजना केली. महिन्याने तो पुन्हा आला, गुण नव्हता. मात्रा वाढविली, अनुपान बदलले. असे चार महिने चालले. पाचव्या महिन्यात त्याची आई एकटीच आली. मुलगा रात्ररात्र जागा असतो, जेवायला चारचौघांत बसत नाही, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आल्यापासून मित्रांकडे जात नाही आणि ‘मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते’ असे परवा बोलून गेला, हे तिने रडत सांगितले. चार महिन्यांत मी त्याच्या मल, मूत्र, जिव्हा, क्षुधा यांविषयी सर्व काही विचारले होते. झोपेविषयी एकदाच आणि परीक्षेविषयी एकदाही नाही. त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. आज तो सुखरूप आहे, कामाला लागला आहे. परंतु त्या चार महिन्यांत काही विपरीत घडले असते, तर माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘दौर्बल्य’ एवढा एकच शब्द उरला असता.

या तक्रारीचा विचार मानसशास्त्राने फार पूर्वीच केला आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ ही संज्ञा मांडली. वीर्यनाशाच्या भीतीभोवती थकवा, अनिद्रा, चिंता, अपराधीपणा यांचे जाळे विणले जाते आणि त्यामागे अनेकदा चिंताविकार किंवा नैराश्य असते, असे नंतरच्या निरीक्षणांतही दिसत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या संज्ञेची नोंद झाली. येथे एक अप्रिय गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. ही भीती ज्या शब्दांत व्यक्त होते, ते शब्द आपल्या शास्त्राचे आहेत. सप्तधातूंमध्ये शुक्राला दिलेले स्थान योग्यच आहे. परंतु त्या स्थानाचे भय निर्माण करून बाटली विकणे हे शास्त्र नव्हे. लैंगिक शक्ती वाढविण्याच्या दाव्यांची जाहिरात करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तरीही बसस्थानकांच्या भिंती काय सांगतात, हे आपण रोज वाचतो. त्या भिंती वाचून घाबरलेला मुलगाच पुढे आपल्या दारी येतो.

स्त्रियांच्या बाबतीत तक्रारीचे नाव बदलते, गाभा फारसा बदलत नाही. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घकाळच्या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनपेक्षा मानसिक अस्वास्थ्य, आर्थिक विवंचना आणि घरातील दुय्यम स्थान यांच्याशी अधिक आढळला. श्वेतस्रावाच्या तक्रारीतही जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक कारणे ठळक होती. याचा अर्थ रक्ततपासणी करू नये असा नव्हे. ‘अंगावरून पांढरे जाते, कंबर भरून येते’ म्हणणाऱ्या विशीतल्या लेकीसुनेला लोध्र आणि अशोक देताना तिच्या घरची विचारपूसही करावी, एवढाच त्याचा अर्थ.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. इंडोनेशियात ‘जामू’ नावाची वनौषधींची जुनी परंपरा आहे. तेथील स्त्रिया काढ्यांच्या बाटल्या पाठीवर बांधून घरोघर विकत आल्या आहेत, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद घेतली. म्हणजे घरगुती औषधांवर आपल्याइतकाच विश्वास असलेला हा समाज. त्या देशाने १० ते १७ वर्षांच्या मुलामुलींच्या मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले आणि २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. मागील बारा महिन्यांत मानसिक समस्या जाणवलेली मुले ३४.९ टक्के, म्हणजे तिघांत एक. निदान करता येईल असा विकार असलेली ५.५ टक्के, म्हणजे सुमारे विसांत एक. आणि समस्या असलेल्यांपैकी मदत वा समुपदेशन घेतलेली केवळ २.६ टक्के.

या आकड्यांतील पहिल्या दोहोंमधले अंतर वैद्यांनी नीट पाहावे. तिघांतील एक आणि विसांतील एक यांच्या मध्ये जो मोठा समुदाय उभा आहे, तो मनोरुग्ण नाही आणि स्वस्थही नाही. त्याला झोप नाही, भूक नाही, भविष्याची धास्ती आहे. आपल्याकडेही हा समुदाय असेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणार नाही. तो कुटुंबाच्या ओळखीच्या वैद्याकडे आणि कोपऱ्यावरच्या औषधी दुकानात येईल. नव्हे, येतच आहे. विकार होण्यापूर्वीचा हा काळ आपल्या वाट्याला आला आहे, आणि तो आपण चूर्णाच्या पुड्या बांधण्यात घालवीत आहोत.

आपल्या देशातील स्थितीही पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. आणि चिंता, नैराश्य यांसारख्या सामान्य विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत आपण आहोत. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

उलट एक आशेची बाजूही आहे. गोव्यात १२ ते १६ वयाच्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात (२००८) विकारांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि कुटुंब हाच ज्यांचा मुख्य आधार होता, त्या मुलांत ते आणखी कमी होते. घरातील माणसांशी बोलणे हे औषध आहे, असे त्याचे सार मी घेतो. खान्देशात घर अजून शाबूत आहे. मात्र बाप कपाशीच्या आणि केळीच्या भावात अडकलेला, मुलगा जळगाव-पुण्याच्या शिकवणीत अडकलेला, आणि दोघांमधले बोलणे शुल्काच्या हप्त्यांपुरते उरलेले, अशी घरे वाढत आहेत.

ज्याला दुःखाचे कारणच सांगता येत नाही, अशा तरुणाला आपण ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारून गप्प करतो. बालकवी ठोमरे यांचा जन्म १८९० मध्ये याच धरणगावी झाला. निसर्गाच्या आनंदाचा हा कवी कारण न कळणाऱ्या उदासीनतेविषयीही तितक्याच उत्कटतेने लिहून गेला. आपल्या गावच्या कवीला शंभर वर्षांपूर्वी जे सांगता आले, ते ऐकून घेणे आपल्याला आजही जड जावे, हे बरे नाही.

आता शास्त्राकडे वळू. दशविध परीक्षेत प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य यांच्या बरोबरीने चरकाचार्यांनी सत्त्वपरीक्षा सांगितली आणि प्रवर, मध्य, अवर असे सत्त्वाचे भेद केले. चिकित्सेचे तीन प्रकार सांगताना दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय यांच्यासोबत सत्त्वावजय सांगितली, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला उपस्तंभ मानले. परीक्षेच्या वेळी हे सर्व आपण पाठ करून लिहिले आहे. व्यवसायात मात्र युक्तिव्यपाश्रय तेवढी राहिली आणि तीही ‘कोणते औषध, किती दिवस’ एवढ्यापुरती. मानसशास्त्राचे संशोधन आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपण टाकून दिलेल्या प्रश्नाकडेच ते आपल्याला परत नेत आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की बोलण्याचे पैसे कोण देतो? रुग्ण औषधाचे पैसे देतो, हे खरेच आहे. परंतु गुण न येणाऱ्या औषधाचे पैसे चार महिने घेऊन पाचव्या महिन्यात रुग्ण गमावणे, हा तरी कोणता व्यवहार? दुसरा आक्षेप असा, की हे तज्ज्ञांचे काम आहे. तीव्र विकाराच्या बाबतीत तो शंभर टक्के योग्य आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ‘मनोविज्ञान एवं मानसरोग’ या विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. आपण इतर पदवीधरांनी आपली मर्यादा ओळखलीच पाहिजे. परंतु ओळखून पुढे पाठविणे हे आपले काम आहे. गोव्यातच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या परंतु रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटी घेऊन नैराश्याच्या रुग्णांना लक्षणीय गुण दिला. तिसरा आक्षेप असा, की आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजेल. तसे होत नाही, असे आजवरचे संशोधन सांगते. विचारल्याने बहुधा मन हलके होते.

म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो. अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुण रुग्णाला एकांतात चार प्रश्न विचारावेत: झोप कशी आहे? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमते का? मनातले कोणाशी बोलतोस? जगणे नकोसे होते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर त्या दिवशी त्याला एकटे घरी पाठवू नये. विश्वासातल्या नातेवाइकाला बोलावून मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावे. जळगाव आणि धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, हे लक्षात असावे. पोलीस प्रकरण होईल या भीतीने अनेक घरे असा प्रसंग लपवितात. त्यांना सांगावे, की २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. तज्ज्ञांनी दिलेली औषधे ‘गुंगीची’ म्हणून आपण बंद करायला सांगू नये. सोबत ब्राह्मी, जटामांसी द्यायची असल्यास तज्ज्ञांना कळवून द्यावी.

औषधी विक्रेत्या बंधूंना विनंती अशी, की दुकानात दिसेल अशा ठिकाणी ‘टेलिमानस १४४१६’ हा क्रमांक लावावा. केंद्र शासनाची ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येते. शक्तिवर्धकाची तिसरी बाटली मागणाऱ्या मुलाला ‘एकदा वैद्यांना दाखव’ एवढे म्हणावे. एका बाटलीचा नफा जाईल. त्याच्या बदल्यात काय वाचेल, याचा हिशेब दुकानाच्या वहीत बसणारा नाही.

संघटनेनेही आपल्या तालुका बैठकांत औषधी कंपन्यांच्या व्याख्यानांबरोबर वर्षातून एक बैठक मानसोपचारतज्ज्ञांसाठी ठेवावी. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. आपल्या गावातील शाळा आणि शिकवणी वर्गांना त्याची आठवण करून देणे आपल्याला कठीण नाही. त्यांचे चालक बहुधा आपलेच रुग्ण असतात.

नोंदवहीत ‘दौर्बल्य’ लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबवावी आणि समोरच्या मुलाला बसायला सांगावे. औषधाची बरणी नंतरही उघडता येते. इत्यलम्.