कॅमेरा महागडा, चेहरे काळे

आपल्या व्यवसायातील मंडळींना छायाचित्रणाचा छंद जडला की पहिली फेरी दुकानाकडे होते आणि परवडेल तितका महागडा कॅमेरा घरी येतो. निदानाआधी औषध! मीही त्याच वाटेने गेलो. काही वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनात खिडक्यांकडे पाठ करून बसलेल्या आपल्या ज्येष्ठांचे समूहचित्र मी नव्या कॅमेऱ्याने टिपले. खिडक्या उत्तम आल्या, चेहरे काळेठिक्कर. त्यांतील दोघे आज आपल्यात नाहीत.

दोष यंत्राचा नव्हता. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरतो. पांढरे अ‍ॅप्रन घातलेले विद्यार्थी समोर उभे राहिले की अ‍ॅप्रन मळकट दिसतात. उलट अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या झांक्यांभोवती काळोख अधिक, म्हणून तो एक्स्पोजर वाढवतो आणि रोषणाईचे रंग जळून पांढरे पडतात. पहिल्या प्रसंगी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक, दुसऱ्या प्रसंगी उणे एक ठेवून पाहावे. सुरुवातीस एवढे पुरते. पाठीमागे खिडकी असल्यास स्पॉट मीटरिंगने चेहऱ्यावरचा प्रकाश मोजावा किंवा फ्लॅश वापरावा. सर्वांत सोपे म्हणजे मंडळींना उठवून खिडकीकडे तोंड करून बसवावे. ज्येष्ठांना उठवण्याचा संकोच मला नडला.

खर्च करायचाच, तर तो लेन्सवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स त्यामानाने स्वस्त असूनही सुमारे दहापट प्रकाश आत घेते. बाहुली विस्फारण्याचाच हा प्रकार, आणि त्याचे दुष्परिणामही आहेत : पूर्ण उघड्या छिद्राने समूहचित्र काढल्यास पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर येते. तेथे एफ ८ बरे.

फिल्मच्या काळातील एक हिशेब आजही उपयोगी पडतो. लख्ख उन्हात एफ १६ आणि आयएसओ १०० असता शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके ठेवावे. सकाळी राजवाड्यासमोर उभे राहून महिनाभर स्वहस्ते हा सराव करावा. हात आपोआप बसतो.

येत्या संमेलनात खुर्च्या खिडक्यांकडे तोंड करून मांडाव्यात, अशी कार्यकारिणीस नम्र विनंती. कॅमेरा मी आणीनच.