घरी मराठी बोलतोच की!

२०२५च्या एप्रिल ते जून या काळात तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात जे रण माजलं, त्यात मी पहिलीपासूनच्या हिंदीच्या विरोधात होतो, आजही आहे. २९ जूनला सरकारने दोन्ही आदेश मागे घेतले, बरं झालं. पण त्या सगळ्या गदारोळात कोणती भाषा आणि कितवीपासून यावरच घसे कोरडे झाले. शाळेत भाषा शिकवायची ती कशासाठी, हे फारसं कुणी विचारलं नाही. आमच्या धंद्यात काय हवंय हे न ठरवता कोड लिहायला बसलेल्याला वेड्यात काढतात. शिक्षणात त्यालाच धोरण म्हणतात.

या प्रश्नाचं उत्तर देणारे लोक मराठीत होऊन गेले. संख्येने जेमतेम काही हजार. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली'. केहीमकर, राजपूरकर, अष्टमकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. हाईम सॅम्युएल केहीमकरांच्या पुढाकाराने १८७५मध्ये मुंबईत या समाजाची शाळा सुरू झाली. पुढे एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचं नाव मिळालं. माझगावातली सर एली कदूरी शाळा ती हीच.

शाळा काढायची गरज का पडली, ते मला फार रोचक वाटतं. या समाजाला हिब्रू व्याकरण मराठीतून मिळालं ते ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२चं. मिशनच्या शाळांत मुलं शिकली, शहाणी झाली, धर्म मात्र फारसा कुणी सोडला नाही. तरी आपल्या प्रार्थनेची भाषा मुलांनी परक्याच्या शाळेत, परक्याच्या हेतूने शिकावी, हे खटकण्यासारखंच होतं. मग आपली शाळा. त्यात इंग्रजी नोकरीसाठी, हिब्रू प्रार्थनेसाठी, आणि मराठी समजण्यासाठी. प्रत्येक भाषेला नेमून दिलेलं काम होतं. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठी अशी जोडीने छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८८०च्या सुमारास तर मोशे आणि दाविदाची आख्यानं कीर्तनातून रंगू लागली.

आता आमच्याकडे या. रांजणगावात एमआयडीसी आली, पैसा आला, पिवळ्या बसही आल्या. इंग्रजी शाळेच्या रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही पालकाला मराठीबद्दल विचारा. उत्तर ठरलेलं: "घरी मराठी बोलतोच की!" माझे आयटीतले मित्रही हेच म्हणतात, फक्त स्लॅकवर आणि रोमन लिपीत.

बेने इस्राएलही घरी मराठीच बोलत होते हो! ती शाळेत शिकवायला हवी असं त्यांना का वाटलं असेल? कारण घर बोली देतं, वाचन देत नाही. जेवायला वाढ, चार्जर कुठंय, एवढ्यावर घर भागतं. प्रकाशसंश्लेषण, कर्जाचं व्याज, सातबारा, संविधान या गोष्टी मराठीत बोलायच्या तर त्या कुठेतरी मराठीत शिकाव्या लागतात. २०२०च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली, २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले. इतक्यावर मराठी म्हणजे आठवड्यातले काही तास आणि पाठ केलेला निबंध. असं मखरात बसवलेल्या भाषेत कुणी विचार करत नाही.

कुणी म्हणेल, त्या समाजाचं काय झालं? १९४८नंतर बहुतेक लोक इस्राएलला निघून गेले. मग शाळेने काय वाचवलं? पण समाजाला जागच्या जागी खिळवून ठेवायला शाळा काढत नाहीत. शिवाय तिकडे गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आपल्या बे एरियातल्या मंडळींचं मराठी दिवाळी फराळाच्या पुढे किती जातं, हा भाग वेगळा.

एका धर्माची शाळा हा प्रकार मला मुळात आवडत नाही. मुलं लहानपणीच वेगवेगळ्या डब्यांत भरली जातात. या शाळेच्या बाबतीत मात्र काळानेच तो आक्षेप मोडीत काढला: ज्यूंनी आपल्या मुलांसाठी काढलेल्या या शाळेत आज शिकणारी बहुतेक मुलं इतर धर्मांची आहेत.

असंच काहीसं आमच्याकडेही चाललंय, आणि कुणाचं लक्ष नाही. कारेगाव-रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशातल्या कामगारांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत पाढे म्हणतात. ज्यांच्या जमिनींवर कारखाने उभे राहिले त्यांची नातवंडं पिवळ्या बसमध्ये असतात. ही मराठी शाळा आता पटसंख्येवर मोजली जाते, आणि मोजणारे आपली मुलं तिथे घालत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत कंपाउंड, सीसीटीव्ही आणि गॅदरिंगचं आटोपल्यावर पाच मिनिटं उरली तर एवढंच विचारा: सहावीतल्या पोराने या वर्षी धड्याबाहेरचं मराठी पुस्तक कोणतं वाचलं? आणि पिवळ्या बसवाल्या शाळेतही हेच विचारा. तिथे फी भरताय, उत्तर मागायचा हक्क जरा जास्तच आहे.